ऑफसेट मशीनमधील विजेचा बिघाड कसा शोधावा

छपाईच्या ऑफसेट मशीनमधल्या विजेच्या उपकरणांना फार खडतर जागी काम करावे लागते. फीडरकडे, म्हणजे कागद आत जातो तिथे, कागदाची धूळ उडत असते, डिलिव्हरीकडे, म्हणजे छापलेला कागद बाहेर येतो तिथे, स्प्रे पावडर बसत असते, रोलरांभोवती शाईचा सूक्ष्म तुषार असतो, प्लेट ओली ठेवणाऱ्या डॅम्पनिंगच्या बाजूला पाणी आणि ओलावा असतो, आणि ताशी हजारो कागद छापले जाताना बसणारे हादरे तर अखंड चालूच असतात. त्यामुळे या मशीनमधील बिघाडाचे मूळ पॅनेलमधल्या महागड्या कार्डात क्वचितच सापडते. ते गार्डखालच्या लिमिट स्विचमध्ये, वाकून वाकून आतून तुटलेल्या वायरीत, सेन्सरच्या मळलेल्या काचेवर किंवा सैल झालेल्या टर्मिनलच्या स्क्रूखाली सापडते. तरीही मशीन थांबले की पहिली घाई कार्ड बदलण्याचीच होते, हे मी वारंवार पाहिले आहे. मोजल्याशिवाय एकही भाग बदलायचा नाही, हा नियम पाळला तर वेळ वाचतोच, शिवाय चांगला भाग काढताना हाताने नवा बिघाड निर्माण करण्याचा धोकाही टळतो.

पुढील माहिती मल्टिमीटर वापरणाऱ्या, विजेचे ड्रॉइंग वाचू शकणाऱ्या आणि पॅनेलवर काम करण्याचे प्रशिक्षण व परवानगी असलेल्या तंत्रज्ञांसाठी आहे. मशीनमनला यातील निरीक्षणाचा आणि सफाईचा भाग निश्चित उपयोगी पडेल, परंतु त्याने पॅनेलचे दार उघडू नये.

हात लावण्यापूर्वी

मुख्य आयसोलेटर (मशीनचा सगळा पुरवठा तोडणारा स्विच) बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावावे आणि त्याची चावी स्वतःच्या खिशात ठेवावी. त्यानंतर मीटर आधी चालू असलेल्या एखाद्या माहितीच्या पुरवठ्यावर तपासावा, मग मशीनचे तिन्ही फेज एकमेकांशी आणि अर्थशी मोजून वीज खरोखर गेली आहे याची खात्री करावी, आणि शेवटी मीटर पुन्हा त्या चालू पुरवठ्यावर तपासावा. या शेवटच्या तपासणीचा कंटाळा करू नये, कारण मीटरची प्रोब मध्येच तुटली तर तो चालू वायरीवरही शून्यच दाखवतो.

आयसोलेटर बंद केल्यावरही दोन ठिकाणी वीज शिल्लक राहू शकते. पहिले ठिकाण म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या ड्राइव्हमधील कपॅसिटर. ४१५ व्होल्टचा तीन फेज पुरवठा डीसीमध्ये बदलला की तो सुमारे ५८५ व्होल्ट होतो आणि पुरवठा बंद केल्यानंतरही काही मिनिटे टिकून राहतो. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबावे आणि त्यानंतरही डीसी टर्मिनलवर व्होल्टेज मोजूनच हात घालावा. दुसरे ठिकाण म्हणजे आयसोलेटरच्या आधीच फुटलेल्या लाइनी, उदाहरणार्थ पॅनेलचा दिवा, सॉकेट किंवा कॉम्प्रेसर, ड्रायर आणि डॅम्पनिंगचे पाणी थंड करणाऱ्या युनिटकडून येणारे इंटरलॉक. अनेक मशीनमध्ये अशा वायरी नारिंगी रंगाच्या असतात, परंतु जुन्या मशीनवर वर्षानुवर्षे झालेल्या दुरुस्तीत रंगांची शिस्त टिकलेली नसते, म्हणून रंगावर विसंबू नये. हवेचा दाबही सोडून द्यावा, कारण एखादा सोलेनॉइड व्हॉल्व्ह सुटला तर इम्प्रेशन, म्हणजे कागदावर छपाईचा दाब, चढवणारा हवेचा सिलिंडर वीज नसतानाही हलू शकतो.

काही मोजमापे पुरवठा चालू ठेवूनच करावी लागतात. अशा वेळी कन्सोलवर दुसरी जबाबदार व्यक्ती उभी असावी आणि आवाज देऊन उत्तर मिळाल्याशिवाय इंचिंगचे (मशीन थोडे थोडे पुढे सरकवण्याचे) बटण कोणीही दाबू नये.

मशीनमनला विचारावे

बिघाडाची अर्धी माहिती मशीनमनकडे असते. मशीन कोणत्या वेगाला थांबले, त्या क्षणी इम्प्रेशन चालू होते की बंद, त्याआधी ब्लँकेट (कागदावर शाई उतरवणारे रबरी आवरण) किंवा रोलर धुतले होते का, कागद बदलला होता का, पडद्यावर कोणता संदेश आला होता, हे सगळे त्याला सविस्तर विचारावे. रिसेट दाबण्यापूर्वी संदेशाचा क्रमांक लिहून घ्यावा, कारण काही मशीनमध्ये रिसेटनंतर तो पुसला जातो. उत्तरांमधून दिशा मिळते. धुलाईनंतर लगेच बंद पडणारे मशीन ओलाव्याकडे बोट दाखवते, ठरावीक वेगाच्या वरच थांबणारे मशीन हादऱ्यांकडे, आणि सकाळी नीट चालून दुपारी थांबणारे मशीन तापणाऱ्या भागाकडे.

त्याच वेळी बिघाड खरोखर विजेचा आहे का, हेही ठरवून घ्यावे. मुख्य मोटर ओव्हरलोड होऊन थांबत असेल तर पुरवठा बंद करून मशीन हातचाकाने फिरवून पाहावे. ते जड फिरत असेल तर बेअरिंग, अडकलेला कागद किंवा रोलरवर सुकलेली शाई यांचा शोध घ्यावा, कारण मोटर तिचे काम करत असते आणि ओव्हरलोड रिलेही त्याचे. इम्प्रेशन येत नसेल तर व्हॉल्व्हजवळ कान द्यावा. व्हॉल्व्हचा टक असा आवाज येऊनही सिलिंडर हलत नसेल तर वीज तिथपर्यंत पोहोचली आहे, आणि पुढचा शोध हवेच्या नळीत घ्यायचा आहे.

पुरवठा

तिन्ही फेजमधील व्होल्टेज आपापसात मोजावे, आणि तेही शक्यतो मशीनवर भार असताना, कारण जळालेला संपर्क किंवा सैल टर्मिनल भाराशिवाय पूर्ण व्होल्टेज दाखवून फसवते. फ्यूजच्या दोन टोकांमध्ये मीटर लावल्यावर चांगल्या फ्यूजवर जवळजवळ शून्य व्होल्ट दिसतात, तर उडालेल्या फ्यूजच्या पुढे भार जोडलेला असेल तर तिथे मोठे व्होल्टेज दिसते. एक फेज गेलेली मोटर सुरू होताना फक्त घुमते. ती आधीच चालू असेल तर उरलेल्या दोन फेजमधून जास्त करंट खेचत तापत राहते. म्हणून क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचे करंट तपासून ते सारखे आहेत ना, हे पाहण्याची सवय ठेवावी.

मुख्य लाइनचे काम झाल्यानंतर फीडर कागद उचलेनासा झाला, तर सकरांची (कागद ओढून धरणाऱ्या रबरी तोंडांची) तपासणी करण्याआधी पंपाच्या फिरण्याची दिशा पाहावी. दोन फेजची अदलाबदल झाली की तीन फेजची मोटर उलटी फिरते, पंप ओढण्याचे काम सोडून देतो, आणि विजेचा हा दोष फीडरच्या माथी मारला जातो.

त्यानंतर कंट्रोल व्होल्टेजकडे वळावे. नव्या मशीनमध्ये ते बहुधा २४ व्होल्ट डीसी असते, तर जुन्या मशीनमध्ये कंट्रोल ट्रान्सफॉर्मरमधून ११० किंवा २२० व्होल्ट एसी दिलेले असतात. एका चार रंगी मशीनवर इम्प्रेशन चढताच पीएलसी (मशीनचे नियंत्रण करणारा संगणक) बंद होऊन पुन्हा सुरू होत असे आणि मी तिथे पोहोचण्यापूर्वी दोन कार्डे बदलून झाली होती. मशीन उभे असताना पॉवर सप्लायवर २४.१ व्होल्ट दिसत होते आणि सगळे उत्तम भासत होते. मीटरवर किमान मूल्य नोंदवणारी सोय सुरू करून इम्प्रेशन चढवल्यावर मात्र मीटरने १८ व्होल्टच्या आसपासचा आकडा पकडला. सोलेनॉइडनी एकदम करंट ओढताच थकलेला पॉवर सप्लाय खाली बसत होता. तो बदलल्यावर जुनी कार्डे परत बसवली आणि ती दोन्ही चांगली निघाली. कंट्रोल व्होल्टेज नेहमी भार पडण्याच्या क्षणीच मोजावे, असा आग्रह मी तेव्हापासून धरत आलो आहे.

मशीन सुरूच होत नाही

या तक्रारीत सर्वाधिक वेळ जातो, म्हणून ती नीट समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक युनिटवरील इमर्जन्सी स्टॉप, प्रत्येक गार्डचा स्विच, फीडर व डिलिव्हरीचे संरक्षक स्विच आणि काही वेळा ओव्हरलोड रिलेचे संपर्क एकामागून एक जोडलेले असतात. साखळीतील एकही कडी उघडी असली तरी शेवटचा रिले ओढला जात नाही आणि मशीन हलत नाही. मोठ्या मशीनमध्ये अशा कड्यांची संख्या सहज तीस-चाळीसवर जाते, त्यामुळे पहिल्यापासून एकेक तपासत जाणे हे दिवसभराचे काम होऊन बसते.

त्याऐवजी साखळी मधोमध तोडून विचार करावा. मीटरची काळी प्रोब शून्य व्होल्टच्या टर्मिनलवर पक्की लावावी. पॅनेलच्या पत्र्यावर ती लावू नये, कारण प्रत्येक मशीनमध्ये शून्य व्होल्ट पत्र्याला जोडलेले असतेच असे नाही. मग ड्रॉइंगमध्ये साखळीच्या मध्यभागी असलेले टर्मिनल शोधून तिथे लाल प्रोब लावावी. तिथे पूर्ण २४ व्होल्ट असतील तर पहिला अर्धा भाग ठीक आहे, नसतील तर दोष त्याच अर्ध्या भागात आहे. दोष असलेल्या भागाचा पुन्हा मध्य घ्यावा. या पद्धतीने बत्तीस कड्यांच्या साखळीतील उघडी कडी पाच मोजमापांत हाती लागते. जिच्या एका टोकाला २४ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला शून्य आहे, तीच ती कडी.

येथे दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. चांगल्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध फार मोठा असल्यामुळे एसी सर्किटमध्ये दोन्ही टोकांनी सुटलेल्या वायरीवरही शेजारच्या वायरींमुळे ४० ते ८० व्होल्टचे फसवे वाचन येऊ शकते. अशा वेळी कमी रोधाच्या मीटरने किंवा योग्य व्होल्टेजच्या चाचणी दिव्याने खात्री करून घ्यावी. दुसरे असे की नव्या मशीनमध्ये सेफ्टी रिलेला दोन स्वतंत्र चॅनेल असतात आणि प्रत्येक बटणात व गार्ड स्विचमध्ये दोन संपर्क असतात. त्यातला एकच संपर्क उघडला किंवा चिकटला तर रिले जाणूनबुजून रिसेट नाकारतो. त्याच्यावरील दोन चॅनेलचे दिवे पाहिले की एक लागलेला आणि एक विझलेला दिसतो. हा रिलेचा दोष समजून तो बदलला जातो आणि नवा रिलेही तसाच हट्टाला पेटतो. काही सेफ्टी मॉड्यूल चॅनेलमधून अखंड २४ व्होल्टऐवजी चाचणीचे स्पंद पाठवतात, त्यामुळे तिथे मीटरवर कमी आकडा दिसला तर आधी ड्रॉइंग पाहावे.

साखळीतल्या दोषाचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. एक मशीन ताशी सात-आठ हजारांच्या वर गेले की थांबत असे आणि लगेच पुन्हा सुरूही होत असे. सगळे गार्ड बंद, सगळे स्विच मोजमापात चोख. तिसऱ्या युनिटच्या गार्डला बिजागरीशेजारून जाणारी केबल होती. तिचे वरचे आवरण अखंड होते, पण बोटांच्या चिमटीत धरून थोडे थोडे पुढे सरकत गेल्यावर बिजागरीपासून चार बोटांवर ती एका जागी मऊ लागली. तिथे आतील तांब्याच्या तारा गार्डच्या रोजच्या उघडझापीने तुटल्या होत्या आणि दोन टोके आवरणाच्या आत केवळ एकमेकांना टेकून उभी होती. मशीन उभे असताना ती टेकलेली राहत आणि वेग वाढला की हादऱ्याने क्षणभर सुटत. तो क्षण मीटरला दिसत नव्हता, पण सेफ्टी रिलेला पुरेसा होता. हलत्या भागावर नेहमी अनेक बारीक तारांची लवचिक केबल वापरावी आणि बिजागरीपाशी तिला मोकळा झोल ठेवावा.

बिघाड शोधण्यासाठी म्हणून गार्ड स्विचला वायरीचा तुकडा लावून मशीन चालवणे कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. फिरणाऱ्या दोन सिलिंडरांमध्ये बोट गेले तर हात मागे घेण्याइतका वेळ माणसाला मिळत नाही, आणि ‘फक्त आजच्या कामापुरता’ लावलेला तुकडा महिनोन्महिने तसाच राहिलेला मी स्वतः काढला आहे. स्विच शंकास्पद असेल तर पुरवठा बंद करून, दोन्ही वायरी सोडवून, त्याचा रोध मोजावा. बंद संपर्काचा रोध एका ओहमच्या आत असावा आणि स्विचचा दांडा हलवताना तो आकडा उड्या मारू नये.

मोटर आणि ड्राइव्ह

जुन्या मशीनवरील मुख्य मोटर डीसी असते. तिचा वेग खालीवर होत असेल तर प्रथम वेग मोजणाऱ्या टॅकोजनरेटरचे कपलिंग पाहावे. ते सैल झाले की ड्राइव्हला खरा वेग कळत नाही आणि तो सतत चुकीची दुरुस्ती करत राहतो. त्यानंतर कार्बन ब्रशची लांबी, स्प्रिंगचा दाब आणि कम्यूटेटरचा पृष्ठभाग तपासावा. ब्रश झिजून साचलेली काळी पूड वीज वाहून नेते आणि अर्थ फॉल्टचे कारण ठरते, म्हणून ती व्हॅक्यूमने ओढून घ्यावी, हवेच्या झोताने आत उडवू नये. डीसी मोटरच्या फील्डच्या वायरींची जोडणी चालू अवस्थेत कधीही सोडू नये, कारण फील्ड गेल्यावर मोटर धोकादायक वेगाने पळू शकते.

एसी मोटर आणि इन्व्हर्टर (एसी मोटरचा ड्राइव्ह) असलेल्या मशीनवर ड्राइव्हचा फॉल्ट कोड हाच पहिला साक्षीदार. वेग कमी करतानाच जास्त व्होल्टेजचा फॉल्ट येत असेल तर ब्रेकिंग रेझिस्टर तुटला आहे का, ते पाहावे. अर्थ फॉल्ट येत असेल तर मोटरची केबल ड्राइव्हपासून पूर्ण सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन मोजावे आणि ते एक मेगओहमपेक्षा कमी असेल तर मोटर व केबल वेगवेगळ्या करून पुन्हा मोजावे. केबल ड्राइव्हला जोडलेली असताना मेगर लावला तर ड्राइव्ह जळतो.

ओव्हरलोड रिले मोटरच्या नेमप्लेटवरील करंटलाच ठेवावा. तो वारंवार पडतो म्हणून त्याचा आकडा वाढवणे म्हणजे मोटर जळू देणे होय. घरघरणाऱ्या कॉन्टॅक्टरमध्ये कॉइलला कमी व्होल्टेज मिळत असते किंवा त्याच्या लोखंडी पृष्ठभागांमध्ये धूळ अडकलेली असते.

सेन्सर

फीडर सतत डबल शीट, म्हणजे एकाच वेळी दोन कागद, दाखवून थांबत असेल आणि प्रत्यक्षात एकच कागद जात असेल, तर आधी डिटेक्टर स्वच्छ करावा आणि चालू कागदाच्या जाडीनुसार पुन्हा जुळवावा. यांत्रिक डिटेक्टरमध्ये चाकाखालील अंतर आणि त्यावरचा मायक्रो स्विच पाहावा. अल्ट्रासॉनिक डिटेक्टरमध्ये समोरासमोरच्या दोन्ही डोळ्यांवरील धूळ. फ्रंट ले (कागदाची पुढची कड जिथे टेकून सरळ होते) जवळच्या, प्रकाशावर चालणाऱ्या सेन्सरची काच मऊ, कोरड्या कापडाने पुसावी. कागद गडद रंगाचा असला तर परावर्तनावर चालणारा सेन्सर त्याला ओळखत नाही आणि मशीनला कागद आलाच नाही असे वाटते. हा बिघाड समजू नये, सेन्सरची संवेदनशीलता त्या कागदासाठी बदलावी.

तीन वायरींच्या नेहमीच्या सेन्सरमध्ये तपकिरी वायर २४ व्होल्टची, निळी शून्याची आणि काळी संकेताची असते. तपकिरी आणि निळ्यामध्ये व्होल्टेज मोजून, मग सेन्सरसमोर कागद धरून काळ्या वायरीवरील बदल पाहावा. सेन्सरचा दिवा लागतो पण पीएलसीच्या इनपुटचा दिवा लागत नाही, असे नवा सेन्सर बसवल्यावर घडले, तर पीएनपीच्या (संकेतावर २४ व्होल्ट देणाऱ्या) जागी एनपीएन (संकेत शून्याला जोडणारा) प्रकार बसवला गेला असण्याची शक्यता मोठी असते.

दोन-तीन सेन्सर एकाच दिवशी बिघडल्यासारखे वाटू लागले तर ते सेन्सर सोडून त्यांच्यात काय सामाईक आहे याचा शोध घ्यावा. सामाईक शून्य व्होल्टची वायर, एकच कनेक्टर किंवा एन्कोडर यांपैकी काहीतरी तिथे असते. मशीन प्रत्येक सेन्सरकडे सिलिंडरच्या ठरावीक कोनातच पाहते आणि तो कोन एन्कोडर सांगतो. एन्कोडरचे कपलिंग थोडे जरी सरकले तरी कागद वेळेवर येऊनही मशीनच्या हिशेबी तो लवकर किंवा उशिरा आलेला ठरतो. अशा वेळी हातचाकाने मशीन शून्य अंशावर आणून पडद्यावरील कोन ताडून पाहावा.

अधूनमधून येणारा बिघाड

येतो-जातो अशा बिघाडाला धीर लागतो. टर्मिनल स्ट्रिपमधील प्रत्येक वायर पुरवठा बंद करून हलकेच ओढून पाहावी, प्लग काढून त्यांच्या पिना तपासाव्यात आणि रंग बदललेले, तापून तपकिरी झालेले टर्मिनल शोधावे. त्यानंतर संशयित ठिकाणी मीटर नोंदणीच्या अवस्थेत लावून मशीनला नेहमीचे काम करू द्यावे. रिले किंवा कॉन्टॅक्टर सुटताना पीएलसी गोंधळत असेल तर त्या डीसी कॉइलवरचा डायोड तुटला आहे का, हे पाहावे. कोरड्या हवेत कागदावर साचणारी स्थिर वीजही सेन्सरांना आणि काउंटरला भरकटवते, म्हणून डिलिव्हरीकडील अर्थची पट्टी गंज व रंग खरवडून पक्की बसवावी.

मशीन परत देण्यापूर्वी

दोष सापडल्यावर तपासणीसाठी सोडलेली प्रत्येक वायर ड्रॉइंगशी ताडून जोडावी, आणि दुरुस्तीत काही बदल केला असेल तर त्याच दिवशी ड्रॉइंगवर तारखेसह नोंद करावी. मग हत्यारे मोजून घ्यावीत, कारण रोलरांच्या खाली विसरलेला एक पाना ब्लँकेट आणि सिलिंडर दोन्ही निकामी करतो. पुरवठा सुरू करून प्रत्येक इमर्जन्सी स्टॉप एकेक दाबून आणि प्रत्येक गार्ड एकेक उघडून मशीन थांबते व आपोआप सुरू होत नाही याची खात्री करावी. दुरुस्ती एकाच युनिटवर झाली असली तरी सगळेच तपासावेत. त्यानंतर मशीन आधी इंचिंगवर, मग कमी वेगाने कागदाशिवाय आणि शेवटी कागदासह ज्या वेगाला बिघाड येत होता त्याच्या थोडे वर चालवावे, आणि तिथे ते पूर्वी थांबत असे त्याहून बराच जास्त वेळ चालले, तरच मशीनमनच्या ताब्यात द्यावे.